पहिल्या फेरीला कोणी बसायचं

ओरोसहून सकाळच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत शिकाऊ उमेदवारीचा एक कोरा फॉर्म होता आणि मनात भीती. भीती मेस्त्रींची, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले. अकरा वर्षं मी त्यांच्या शेडकडे फिरकले नव्हते, आणि आता जात होते तीही काहीतरी मागायला.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. शिकवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे पास झालेल्या मुलांना वर्षभर हाताखाली घ्या म्हणून वर्कशॉपवाल्यांच्या दारात उभं राहणं. सगळीकडे चहा मिळतो आणि एकच उत्तर मिळतं. "मॅडम, शिकवायचं आम्ही, आणि हाताशी आला की चालला गोव्याला!" मी मान डोलावते. वाद कुठल्या तोंडाने घालणार? मी स्वतः त्या पळालेल्यांतली.

यंदा खारेपाटणकडच्या एका मुलाने माझा पिच्छा पुरवला. त्याला बोटीच्या इंजिनाचंच काम शिकायचं होतं. ट्रॅक्टर नको, जेसीबी नको, एसटीचा डेपो तर नकोच. भारी हट्टी! मी त्याला खूप झापलं, आणि झापता झापता लक्षात आलं की एकोणिसाव्या वर्षी मी अगदी अशीच होते. बोटीच्या इंजिनासाठी जागा मला एकच ठाऊक होती. म्हणून निघाले.

मेस्त्रींची शेड मालवणच्या बाजूला एका खाडीच्या काठावर आहे. वर पत्रे, पुढे एक शटर, मागे थेट जेटी. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा हातात आयटीआयचं पत्र होतं. त्यांनी पत्र उलटं-सुलटं करून पाहिलं, मग मला पाहिलं, मग मागे कोणी मुलगा उभा आहे का तेही पाहिलं.

"चेडवाक धाडल्यानी?" असं ते कोणालातरी म्हणाले. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

चेडू म्हणजे मुलगी. पुढे वर्षभर मी तीच राहिले. "गो चेडवा, चौदाचो पानो हाड," म्हणजे चौदा नंबरचा पाना आण. "गो चेडवा, खंय बघतस?" माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पत्रावर होतं की, ठळक टाइप केलेलं! पण ते पत्र त्यांनी पहिल्याच दिवशी खिळ्याला अडकवलं आणि त्यावर फॅनबेल्ट टांगला.

शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे न शिकवणं. काम करताना ते एक शब्द बोलायचे नाहीत. मी बघायचं. मग स्वतः सगळं परत खोलून ठेवायचे आणि चहाला निघून जायचे. आल्यावर बघायचे की मी किती जोडलं. चुकलं असेल तर ओरडायचेसुद्धा नाहीत, नुसतं "हं" म्हणून पुन्हा खोलायचे. त्या "हं"ने माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण एक गोष्ट त्यांनी तोंडाने शिकवली. नट पूर्ण आवळून झाला की त्यावर खडूने रेघ मारायची. रेघ असलेल्या नटाला पुन्हा हात लावायचा नाही, आणि रेघ नसलेलं इंजिन शेडच्या बाहेर जायचं नाही. पांढऱ्या खडूचा तुकडा कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा, त्यामुळे तो खिसा धुऊनही पांढराच राहायचा.

आणि एक नियम होता. तो त्यांना विजयदुर्गाला, ज्यांच्याकडे ते स्वतः शिकले त्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडून मिळाला होता. ज्याने इंजिन खोलून, पुन्हा जोडून बंद केलं, त्याने पहिल्या फेरीला होडीत बसायचं. खाडीच्या तोंडाबाहेर, खडक ओलांडून, मोकळ्या पाण्यात जायचं आणि परत यायचं. आत काही बिघडलं तर सगळ्यांबरोबर तूही तिथेच. कागद नाही, गॅरंटी नाही, होडीत बसणं हीच सही. होडीचा मालकही मग निर्धास्त असायचा.

मला ती फेरी हवी होती. किती हवी होती ते सांगायला आज लाज वाटत नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा मी पेढेही वाटले नव्हते. पण मी बंद केलेलं इंजिन धडधडतंय आणि मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेय, हे मी शेडमध्ये चिंध्या धुताना रोज मनात बघायचे. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या एकेक करून पाण्यात जायला लागल्या की माझा जीव वरखाली व्हायचा. मी इंजिन बंद करायचे, हातात पुसणं घेऊन जेटीवर उभी राहायचे, आणि ऐन वेळी मेस्त्री लुंगी खोचत पुढे यायचे.

"तू रव गो. मी जातंय."

कारणं ठरलेली. आज लाटा आहेत. आज तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, दारू पिऊन आलाय. आज तू बाजारात जाऊन गॅस्केट घेऊन ये. एकदा तर म्हणाले, शेड कोण बघणार? शेडमध्ये चोरायला होतं काय, कपाळ! बायकांनी होडीत पाय ठेवू नये असं तिथे कोणी म्हणत नव्हतं, मासे उतरवायला बायाच तर चढायच्या. पण मी मनाशी पक्कं धरलं की मी मुलगी आहे म्हणूनच हे चाललंय. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं व्हायचं. दोन-दोन दिवस मी त्यांच्याशी बोलायचे नाही. त्यांना ते कळायचंसुद्धा नाही, कारण ते मुळातच बोलत नसत.

मग ती टाकीची गोष्ट घडली.

पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॉलरची डिझेलची टाकी मी साफ केली. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, काळा गाळ बसतो. आत हात घालून चिंध्यांनी तो पुसून काढायचा असतो. चिंध्या मोजून आत न्यायच्या, मोजून बाहेर काढायच्या, असा मेस्त्रींचा दंडक. मी पाच घेतल्या. पाच काढल्या. टाकी बंद. इंजिनही मीच बंद केलं होतं, प्रत्येक नटावर रेघ. मेस्त्री नेहमीप्रमाणे "तू रव" म्हणून फेरीला गेले आणि मी नेहमीप्रमाणे दात-ओठ खात जेटीवर बसले.

फेरी अर्ध्या तासाची. तास झाला, दोन तास झाले. शेवटी दुसऱ्या एका होडीने तो ट्रॉलर दोर लावून ओढत आणला. खडकांच्या अगदी जवळ इंजिन एकाएकी मेलं होतं. तांडेल जेटीला लागायच्या आधीच शिव्या घालत होता. मेस्त्री उतरले ते चिंब, हातात एक काळी चिंधी. टाकीतून डिझेल बाहेर पडतं त्या तोंडावर जाऊन बसली होती ती, डिझेल अडवून.

तेव्हा मला आठवलं. टाकी पुसताना एक चिंधी फार मोठी वाटली म्हणून मी ती फाडून तिच्या दोन केल्या होत्या. आत गेल्या पाच, पण आत झाल्या सहा. मी बाहेर पाचच मोजल्या!

मी तोंड उघडलं, पण मेस्त्री आधी बोलले. "चूक माझी," ते तांडेलला म्हणाले. "डोळे गेले माझे. टाकी मिया बघूक नाय." तांडेल जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. मेस्त्रींनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं. सगळ्या किनाऱ्यादेखत.

तो गेल्यावर मी रडत-ओरडत त्यांच्या अंगावरच गेले. "चूक माझी होती! तुम्ही कशाला घेतलीत? मला काय तोंड नाही?"

ते शांतपणे चिंधी पिळत म्हणाले, "फेरीक कोण बसलेलो?"

बस्स. एवढंच. आणि मला आणखीच राग आला. फेरी माझी नाही, म्हणून चूकही माझी नाही? असला कसला न्याय! चूकसुद्धा मला मिळू नये?

वर्ष संपलं तेव्हा त्यांनी शटरची दुसरी चावी माझ्यासमोर बाकड्यावर ठेवली. त्यांना मूलबाळ नव्हतं, मला सगळं कळत होतं. माझ्या पर्समध्ये गोव्याच्या एका शिपयार्डचं पत्र होतं आणि घरी आई रोज विचारत होती की कधी जातेस. मी म्हटलं, "मेस्त्री, उद्याच्या फेरीला मी बसते. मग चावी घेते."

ते खिशातला खडू चाचपत राहिले. "बघूया," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते फेरीला गेले. होडी परत यायच्या आत मी चावी बाकड्यावरच सोडून घरी गेले आणि त्याच आठवड्यात गोव्याला.

शिपयार्ड मोठं होतं, पगार बरा, हेल्मेट, बूट, कँटीन. मी तिथे काय काय शिकले, तक्रार नाही. पण इंजिन बंद करून पुढच्या खात्याला द्यायचं. ट्रायलवर जाणारी माणसं वेगळी, त्यांचे शर्टही वेगळे. मी जोडलेलं इंजिन समुद्रात कसं बोलतं ते मला कधीच कळायचं नाही. भिंतीपलीकडून बोट जाताना दिसायची, तेवढीच. कँटीनमध्ये बसून मला त्या पत्र्याच्या शेडची इतकी आठवण यायची की ताट तसंच राहायचं. डिझेल, सुकट आणि मेस्त्रींची बिडी यांचा तो वास, ते "हं", तो पांढरा खिसा. आणि तरी मी गेले नाही. पुढे सरकारी नोकरी लागली, ओरोसला क्वार्टर्स मिळाले. एसटीने तासाभराचं अंतर. तरीही नाही. काय तोंड घेऊन जाणार?

तर त्या सकाळी मी शेडसमोर उभी राहिले. शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले. मेस्त्री एका खोक्यावर बसून ट्रॉलरच्या इंजिनावर ओणवे झाले होते. केस उडालेले, गुडघ्यांना पट्टे. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात.

"बरा झाला इलंस. वायच बॅटरी धर," ते म्हणाले आणि टॉर्च पुढे केली. जशी काही मी पाना आणायला गेले होते.

मी टॉर्च धरली. ते इंजेक्टरच्या नळ्यांचे नट आवळत होते. पाना धरलेला हात थरथरत होता. ते दुसऱ्या हाताने पहिला हात धरायचे, ओठ दाबून जोर लावायचे, मग खिशातून खडू काढून रेघ मारायचे. मी "मी करू?" म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या हातातला पाना मागण्याची माझी हिंमत कधी झाली होती, की आता होणार?

काम संपल्यावर मी फॉर्म काढला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि परत दिला. "माका आता कोण नको. कोणाक शिकवू? हय काय रवला?" मी म्हटलं, "मेस्त्री, पोरगा चांगला आहे." "चांगलोच असतलो," ते म्हणाले. "चांगली होती ती गेली." मी खाली बघितलं. थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारची भरती आली. ट्रॉलर जेटीला डुलत होता. तांडेल, बहुतेक त्या जुन्या तांडेलाचाच मुलगा, हाका मारत होता. मेस्त्री जेटीच्या कडेपर्यंत गेले, होडीच्या काठाकडे बघितलं, गुडघ्यावर हात ठेवला. चढणं शक्यच नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

"तू बस," ते म्हणाले. "माझ्या वतीन."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे असं आलं. साडीत होते मी, सरकारी ओळखपत्र गळ्यात. पदर खोचला आणि होडीत उडी मारली. इंजिन लागलं, खाडीचं तोंड मागे पडलं, खडक ओलांडले आणि होडी मोकळ्या पाण्यात नाक वर करून धावायला लागली. काय सांगू, मला हसूच आवरेना! वारा तोंडात जात होता आणि मी एकटीच खुळ्यासारखी हसत होते.

मग इंजिनाचा एक ठोका चुकला. परत चुकला. वेग उतरला. कच्च्या डिझेलचा वास आला. मी फळी उचलून आत वाकले. तिसऱ्या नळीचा नट सैल होता, डिझेल बाहेर उडत होतं. त्या नटावर खडूची रेघ होती. स्वच्छ, सरळ. मेस्त्री विसरले नव्हते. त्यांनी आपला सगळा जोर लावला होता आणि आवळला गेलाय असं समजून रेघ मारली होती. तेवढाच जोर उरला होता त्यांच्यात.

मी इंजिन थांबवायला लावलं, पाना घेतला, नट आवळला. होडी डुलत होती आणि माझे डोळे भरून वाहत होते. मला फेरी हवी होती, पण अशी नको होती.

जेटीला लागताच तांडेल सुरू झाला. "मेस्त्री, फुकट मरलो असतो आज! नट सैल ठेवलास!"

"मी ठेवला," मी म्हटलं. "त्या नळ्या मी आवळल्या. सवय गेलीय हाताची. माफ करा."

तांडेलने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, गळ्यातलं आयटीआयचं ओळखपत्रही वाचलं. "म्हणजे ह्या मास्तरणीक हात लावूक दिलास?" तो मेस्त्रींना म्हणाला. "ओरोसात बसान फळ्यावर चित्रां काढूक सांग तिका!" आणि तो चहाला गेला. मी मान खाली घालून उभी होते. किनारा बघत होता.

मेस्त्री तांडेल दिसेनासा होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "रेघ माझी होती."

"हो."

"मगे खोटा कित्याक बोललंस?"

"फेरीला कोण बसलं होतं?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशात हात घातला, खडूचा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "सगळे परत बघ," म्हणाले.

मी होडीत उतरून एकेक नट पुन्हा तपासला. आणखी दोन सैल निघाले. ते वरून बघत होते, मी लपवलं नाही. जुन्या रेघा चिंधीने पुसल्या, नट आवळले, माझ्या रेघा मारल्या. फळी बसवली.

"आता कोणी बंद केल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मगे बस." आणि तांडेलला हाक मारून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका तेव्हाच बसवूक होया होता. माका भय दिसायचा गो. काय झाला असता तर तुझ्या आवशीक, घरच्यांक काय सांगू? दुसरा काय नाय होता."

मी मुलगी होते म्हणून नाही. मी त्यांची होते म्हणून. हे कळायला अकरा वर्षं आणि तीन सैल नट लागले.

दुसरी फेरी सुरळीत झाली, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. इंजिन एका सुरात चाललं. खडक ओलांडताना मी मागे वळून पाहिलं. मेस्त्री जेटीवर खोक्यावर बसले होते, होडीकडे पाठ करून, एक कान आमच्या बाजूला वळवून. मला एकदम वाटलं, ही फेरी तेव्हा मिळाली असती तर मी गेले असते का? मला वाटतं, नसते गेले. आणि मग वर्षानुवर्षं तो पाना माझ्या हातात असता आणि त्यांना अशी रेघ कधी मारावी लागली नसती. या विचाराची चुटपुट अजूनही जात नाही.

परत आले तेव्हा शेडमध्ये बाकड्यावर फॉर्म होता, चार बोटांचे काळे ठसे उमटलेला. त्यांनी तो भरला होता. मालकाच्या जागी त्यांची सही. त्याखाली एक रकाना असतो, शिकवणाऱ्याचं नाव. तिथे त्यांनी खडबडीत अक्षरात लिहिलं होतं, 'आमचा चेडू'.

असला फॉर्म ऑफिसात चालत नाही. मी सोमवारी दुसरा भरून घेतला. मुलगा आता तिथे जातो, आणि दर शनिवारी मीही जाते. पहिला फॉर्म माझ्या कपाटात आहे.